बस्त्याची पिशवी आणि बाकीच्या सातशे

पत्राचा सारांश : ठाण्याच्या ६१ वर्षांच्या एक वाचक भगिनी गेली चाळीसेक वर्षे दुकानांच्या पिशव्या जमवीत आल्या आहेत. साड्यांची दुकाने, सराफ, मिठाईवाले, पुस्तकविक्रेते यांच्याकडच्या कापडी, कागदी आणि प्लॅस्टिकच्या मिळून सातशेच्या आसपास पिशव्या दोन ट्रंकांत आणि दिवाणाच्या पोटात भरलेल्या आहेत. त्यांची इमारत आता पुनर्विकासाला गेली असून पुढची तीन वर्षे मुलगा, सून आणि नातीसह दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात काढायची आहेत. "आई, या पिशव्या तिकडे नकोत," असे सुनेने स्पष्ट सांगितले आहे. मुलाचे म्हणणे, "किंमत येत असेल तर विकून टाक." गेल्या वर्षी केवळ पिशवी फार आवडली म्हणून आपण एका दुकानातून साडी घेतली, हेही त्यांनी लिहिले आहे, आणि तेव्हापासून हा छंद आहे की आजार, ही शंका त्यांना छळते आहे. पिशवीवरच्या चित्रणाला कला म्हणता येते हे सुनेला कसे पटवून द्यावे, आणि जागा नसताना या संग्रहाचे करावे काय, असे त्यांचे प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चार पानी पत्रात पिशव्यांची संख्या तीन ठिकाणी येते आणि त्या किती जागा अडवतात हे दोन ठिकाणी येते, मात्र नीट वर्णन येते ते एकाच पिशवीचे. १९८४ साली तुमच्या लग्नाचा बस्ता बांधला गेला, तेव्हा दादरच्या एका साडीच्या दुकानातून मिळालेली ती मांजरपाटाची पिशवी. गुलाबी आणि हिरवा असे दोनच रंग, मधोमध एक मोठी कोयरी, आणि त्या कोयरीचे शेपूट वर वळून दुकानाच्या नावातल्या पहिल्या वेलांटीला जाऊन मिळते. खाली सहा आकडी दूरध्वनी क्रमांक आणि 'मुंबई २८'. गुलाबी रंग हिरव्या रेघेच्या बाहेर किंचित सरकला आहे, हेसुद्धा तुम्ही टिपले आहे. एवढ्या दहा ओळींत ती पिशवी माझ्यापुढे उभी राहिली, आणि उरलेल्या सातशे मात्र पत्र संपेपर्यंत ढिगाच्या रूपातच राहिल्या. माझे बरेचसे उत्तर या फरकाविषयी आहे.

आधी आजाराची शंका, कारण तिच्यावर फार वेळ घालवण्याची गरज मला दिसत नाही. वस्तू साठवत राहण्याच्या विकाराची मानसोपचारशास्त्रात स्वतंत्र नोंद आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत तो वेगळा विकार म्हणून आला. वस्तूचे मोल काहीही असो, ती टाकण्याच्या कल्पनेनेच माणसाला तीव्र त्रास होणे, आणि साठ्यामुळे झोपण्याची, स्वयंपाकाची, वावरण्याची जागा वापरता न येणे, ही त्याची ठळक लक्षणे आहेत. तुमच्या पिशव्या एवढ्या वर्षांत दोन ट्रंका आणि एक दिवाण यांच्या बाहेर आलेल्या नाहीत, शिवाय मैत्रिणीच्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी त्यातल्या काही पिशव्या तुम्ही आनंदाने देऊन टाकल्याचेही लिहिले आहे. हे वर्णन त्या विकाराशी जुळत नाही. निवड करायला बसल्यावर मात्र जीव घाबरा होऊ लागला आणि एकही वस्तू हातातून सुटेना, असा अनुभव ज्या वाचकांना येईल, त्यांनी समुपदेशकाशी बोलण्यात कमीपणा मानू नये. राहिली ती साडी. ती तुम्ही नेसत असाल तर फारसे बिघडलेले नाही, कारण याहून क्षुल्लक कारणांनी साड्या घेतल्या जातात.

दुसऱ्या प्रश्नाच्या मांडणीलाच माझा थोडा विरोध आहे. पिशवी ही कला ठरली की ट्रंकेला आपोआप जागा मिळेल, असे तुम्ही गृहीत धरले आहे. पण तुमच्या सुनेचा आक्षेप कलेवर नाही, चौरस फुटांवर आहे. दोन खोल्या, चार माणसे, नातीचा अभ्यास, धुणे वाळवायची जागा हा सगळा हिशेब तिला मांडायचा आहे. उद्या त्या ट्रंकांतून राजा रविवर्म्याची अस्सल तैलचित्रे निघाली असती, तरी ट्रंका ठेवायच्या कुठे हा तिचा प्रश्न तसाच राहिला असता. तेव्हा कलेचा पुरावा वादात वापरायचे सोडून द्या. तो पुरावा तुमच्या स्वतःच्या उपयोगाचा आहे, कारण त्यातून काय ठेवायचे हे ठरवता येईल.

आणि पुरावा भरपूर आहे. न्यूयॉर्कच्या कूपर-ह्यूइट या डिझाइनला वाहिलेल्या संग्रहालयाने १९७८ मध्ये दुकानांच्या पिशव्यांचे प्रदर्शनच भरवले होते आणि त्याच्या संग्रहात आजही अशा पिशव्या आहेत. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानेही पिशव्यांचा संग्रह जपलेला आहे. परंतु संग्रहालयांच्या नावांपेक्षा काही ठरावीक पिशव्या अधिक शिकवतात. जर्मनीतल्या आल्डी-नॉर्ड या स्वस्त किराणा साखळीची पिशवी ग्युंटर फ्रुहट्रुंक यांनी १९७० मध्ये आखली. ते अमूर्त चित्रकार होते आणि म्यूनिकच्या कला अकादमीत प्राध्यापक होते. निळ्या आणि पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांची ती पिशवी चुरगळली, फुगली, अर्धी दुमडली तरी दुरून ओळखू येत असे, कारण तिरप्या पट्ट्यांना नेमकी वरची-खालची बाजू नसते आणि त्यांचा कुठलाही तुकडा पूर्ण आकृतीची ओळख देतो. पुढे या कामाचा त्यांना पश्चात्ताप झाला, असे सांगितले जाते. त्यांचे नाव न ऐकलेल्या असंख्य जर्मनांनी त्यांचे हे एक काम वर्षानुवर्षे हातात वागवले. जपानच्या मित्सुकोशी या दुकानाची गोष्ट याच्या उलट आनंदाची आहे. १९५० मध्ये गेनइचिरो इनोकुमा या चित्रकाराने समुद्रकिनाऱ्यावरच्या लाटांनी घासून गुळगुळीत झालेल्या दगडांवरून त्यांच्या वेष्टनाच्या कागदासाठी लाल आकार काढले, आणि त्यावर दुकानाचे नाव लिहिण्याचे काम तेव्हा तिथेच नोकरीला असलेल्या ताकाशी यानासे यांनी केले. हेच यानासे पुढे मुलांच्या चित्रकथांसाठी जपानभर प्रसिद्ध झाले. ते लाल दगड आजही त्या दुकानाची ओळख आहेत. तिसरे उदाहरण न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्स या दुकानाच्या १९७३ च्या पिशवीचे. साध्या तपकिरी कागदावर 'मोठी तपकिरी पिशवी' अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द, आणि दर्शनी बाजूवर दुकानाचे नाव नाही. जाहिरातीतून नावच वगळायचे हे धाडस लोकांच्या इतके लक्षात राहिले की नाव छापण्याची गरज उरली नाही.

या तिन्ही उदाहरणांत चित्रकाराने एक गोष्ट ओळखली होती : पिशवी भिंतीवर टांगायची नसते. मार्गारेट नाइट यांनी सपाट बुडाची कागदी पिशवी बनवणाऱ्या यंत्राचे पेटंट १८७१ मध्ये मिळवले. अशा बुडामुळे पिशवी स्वतःच्या पायावर उभी राहते आणि तिला दर्शनी बाजू मिळते. पण ती बाजू स्थिर नसते. माल भरला की मध्यभाग फुगतो, बाजूच्या घड्या उघडतात, तळाकडचा भाग गुडघ्यांशी घासतो आणि हातातल्या झोक्याने सगळे चित्र सतत हलते. चांगली पिशवी आखणारा हे सगळे जमेस धरून मजकूर वरच्या भागात आणतो, बारीक अक्षरे घडीवर येऊ देत नाही आणि बंदांपासून पुरेशी जागा सोडतो. आता तुमची बस्त्याची पिशवी पुन्हा पाहा. कोयरी मधोमध आहे, म्हणजे पिशवी भरल्यावर फुगणाऱ्या जागी, आणि फुगल्याने कोयरीची गोलाई बिघडत नाही, उलट खुलते. नाव वर आहे. कोयरीचे शेपूट वेलांटीत नेल्यामुळे चित्र आणि अक्षर यांच्यात नजर अडखळत नाही. ज्याने ही पिशवी आखली त्याला दोनच रंग परवडत होते, कारण स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळीची चौकट करावी लागते आणि कापड प्रत्येक वेळी नव्याने त्या चौकटीखाली अचूक बसवावे लागते. ते जरा सरकले की तुमच्या गुलाबीसारखा रंग रेघेबाहेर जातो. हातांनी, एकेक पिशवी छापल्याची ती खूण आहे, आणि माझ्या मते तिच्यामुळे ती पिशवी अधिकच ठेवण्याजोगी ठरते.

आपल्या पिशव्यांकडे पाहताना सर्वांत अधिक रमण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांवरची अक्षरे. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरे आपण नावानिशी ओळखतो, परंतु लक्ष्मी रस्त्यावरच्या किंवा रानडे रस्त्यावरच्या दुकानांची नावे ज्यांनी हाताने रेखली ते बहुतेक अनामच राहिले. दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर, लग्नपत्रिकांचा छापखाना किंवा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकून आलेला एखादा होतकरू चित्रकार, अशा कुणीतरी ती काढलेली असत. शिरोरेषेचे तोरण करणे, रफाराचा कळस करणे, सराफाच्या नावात अनुस्वाराच्या जागी हिरा बसवणे, अशा गंमती त्या काळच्या पिशव्यांवर सापडतात. संगणकावरची अक्षरजुळणी आली, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी' ही अक्षरप्रणाली छापखान्यांत पोहोचली, आणि काम स्वस्त व जलद झाले. त्याबरोबर एका गल्लीतल्या पाच दुकानांची नावे एकाच वळणाच्या अक्षरांत दिसू लागली. हा बदल नेमका कोणत्या दुकानात कधी झाला, हे सांगणारा कागद दुसरीकडे कुठे मिळणे कठीण. तुमच्या ट्रंकेत तो असण्याची शक्यता आहे, विशेषतः एकाच दुकानाच्या वेगवेगळ्या काळातल्या पिशव्या तुम्ही ठेवल्या असतील तर.

'पण कोणती पिशवी कधीची ते आठवत नाही,' असे तुम्ही लिहिता. आठवणीवर विसंबण्याची गरज नाही, पिशवी स्वतःच पुष्कळ सांगते. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर ती ऑगस्ट १९७२ नंतरची. नुसते 'मुंबई २८' असेल तर मात्र ती त्याआधीचीच असे समजू नका, कारण तुमच्या १९८४ च्या पिशवीवरून दिसते त्याप्रमाणे जुनी सवय बरीच वर्षे टिकली. इंग्रजी पत्त्यात 'बॉम्बे' असेल तर ती बहुधा १९९५ पूर्वीची किंवा त्यानंतर लगेचची. मुंबईचा दूरध्वनी क्रमांक २ या आकड्याने सुरू होणारा आणि आठ आकडी असेल तर ती २००२ च्या सुमाराची किंवा नंतरची. पुण्याच्या दुकानाचा क्रमांक ०२१२ ने सुरू होत असेल तर ती जुनी, ०२० असेल तर अलीकडची. 'व्हीएसएनएल' या तेव्हाच्या सरकारी इंटरनेट कंपनीचा ईमेल पत्ता असेल तर ती १९९५ नंतरच्या काही वर्षांतली, रुपयाचे नवे चिन्ह असेल तर २०१० नंतरची, जीएसटी क्रमांक असेल तर २०१७ नंतरची. प्लॅस्टिकच्या पिशवीवर जाडी छापलेली असते तीही उपयोगी पडते. २००५ च्या महापुरानंतर महाराष्ट्राने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर निर्बंध आणले, २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आली आणि २३ जूनपासून ती अमलात आणली गेली, आणि पुढे केंद्राच्या नियमांनी जाडीची मर्यादा सप्टेंबर २०२१ अखेर ७५ व डिसेंबर २०२२ अखेर १२० मायक्रॉनवर नेली. 'आमची कुठेही शाखा नाही' हे वाक्य मात्र काळ ठरवायला काही उपयोगाचे नाही. ते पुण्यात सर्वकाळ चालत आले आहे.

एक प्रकार असा आहे की जो तुम्ही कदाचित 'दुकानाची नाही' म्हणून कमी मोलाचा मानला असेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून दिलेल्या नावे छापलेल्या कापडी पिशव्या, मुंजीच्या आणि साठीशांतीच्या पिशव्या, माटुंग्यातल्या तमिळ लग्नांत तांबूल आणि नारळ घालून दिल्या जाणाऱ्या पिवळ्या पिशव्या. या पिवळ्या पिशवीला तमिळमध्ये मंजप्पै म्हणतात, आणि प्लॅस्टिकऐवजी तिचा वापर वाढावा यासाठी तमिळनाडू सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये मोहीमच काढली. समारंभाच्या पिशव्यांवर बहुधा तारीख आणि गाव छापलेले असते, त्यामुळे त्या काळाच्या बाबतीत चोख असतात, आणि त्यांवरून जवळपासच्या छापखान्याच्या इतर कामाचाही काळ लावता येतो.

आता निवडीविषयी. तुमच्यापुढे मार्ग तीन आहेत : सगळे नेणे, सगळे टाकणे, आणि निवडून नेणे. पहिला शक्य नाही. दुसऱ्याविषयी तुम्ही 'एकदाचे सुटेन' असे लिहिले असले, तरी पुढच्याच ओळीत बस्त्याच्या पिशवीचे वर्णन सुरू होते, त्यामुळे त्या सुटकेवर माझा विश्वास बसलेला नाही. राहिला तिसरा. निवड करताना बहुतेक जण 'काय टाकू?' असे विचारत बसतात आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन पुन्हा जागेवर ठेवतात. तुम्ही 'काय घेऊ?' असे विचारा. सगळ्या पिशव्या बाहेर काढून जिच्याकडे हात आपोआप जाईल ती वेगळी ठेवा, आणि तिच्याविषयी वहीत एक पूर्ण वाक्य लिहा. 'छान आहे' किंवा 'जुनी आहे' हे वाक्य धरायचे नाही. 'या सराफाने नावातल्या मात्रेचा झुमका केला आहे' हे धरायचे. 'ही बाबांनी निवृत्तीच्या दिवशी पेढे आणले ती' हेही धरायचे, कारण आठवण हे ठेवण्याचे कमी प्रतीचे कारण नाही. एवढेच की कोणते कारण आहे ते स्वतःला ठाऊक असावे. ज्या पिशवीविषयी असे वाक्य सुचत नाही ती निवडीत घेऊ नका, मग ती कितीही मोठ्या दुकानाची असो. परदेशी महागड्या दुकानांच्या जाड, चकचकीत पिशव्यांविषयी मी थोडा कठोर आहे. त्या जगभर सारख्याच असतात आणि त्यांची नोंद इतरत्र होतेच, पण ठाण्याच्या गोखले रस्त्यावरच्या एखाद्या बंद पडलेल्या दुकानाची पिशवी तुमच्यावाचून कुणी ठेवलेली नसेल.

जागेचे माप आधी ठरवा. चित्रकलेचे विद्यार्थी वापरतात तसे मोठे सपाट फोलिओ मिळतात. त्यातले दोन पलंगाखाली सहज सरकतात आणि त्यांत साठ-सत्तर पिशव्या न चेपता मावतात. ट्रंकेपेक्षा ते पिशव्यांच्या प्रकृतीलाही चांगले आहे. पत्र्याच्या ट्रंकेत ठाण्याच्या पावसाळ्याची ओल साठते, पत्रा गंजतो आणि तळाच्या पिशव्यांवर तांबूस डाग पडतात. पिशव्या सपाट ठेवा, दोन पिशव्यांमध्ये साधा पांढरा कागद घाला, वर्तमानपत्राचा नको, कारण त्याची शाई लागते आणि तो स्वतः पिवळा पडून शेजारच्या कागदाला खराब करतो. पिशवीचे बंद छापील भागावर दुमडू नका, बाहेर मोकळे सोडा. रबरबँड आणि स्टेपलच्या पिना काढून टाका. डांबराच्या गोळ्या प्लॅस्टिकला किंवा लॅमिनेशनला चिकटून राहतील अशा ठेवू नका, कसरीपासून बचावासाठी जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवणे अधिक उपयोगी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी हवा कोरडी झाली की, सगळ्या बाहेर काढून सावलीत पसरा, उन्हात नाही, कारण उन्हाने रंग उडतात.

ज्या पिशव्या नेणार नाही त्यांचीही छायाचित्रे काढून ठेवावीत, असे मी आग्रहाने सुचवेन. खिडकीच्या उजेडात पांढऱ्या चादरीवर पिशवी ठेवून पुढची बाजू, मागची बाजू, बाजूची घडी आणि तळ असे फोटो घ्या, आणि शेजारी एक फूटपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल. वहीत क्रमांक घाला आणि त्यापुढे दुकानाचे गाव, कापड की कागद, किती रंग, बंद कसले, पिशवी केव्हा आणि कशी हाती आली, एवढे लिहा. सातशे पिशव्यांचे हे काम एकट्याने होणार नाही आणि ते एकट्याने करू नये, असेही मला वाटते.

इथे सुनेकडे वळतो. 'तिला यातले काही कळत नाही' असे तुम्ही लिहिले आहे. पण तुमच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर एक प्रसंग आहे : ट्रंक उघडी असताना तिने विचारले, "यातली सर्वांत जुनी कोणती?" आणि तुम्ही उत्तर दिले, "सगळ्याच जुन्या आहेत." कंटाळलेले माणूस असा प्रश्न विचारत नाही. तिला आत शिरायला एक दार हवे होते आणि तुम्ही ढीग पुढे केलात. त्या प्रश्नाचे नीट उत्तर आता द्या. निवडीच्या पहिल्या पंचवीस पिशव्या झाल्या की तिला दाखवा, पटवण्यासाठी नव्हे, तर तिचे मत घेण्यासाठी, आणि तिने 'ही नको' म्हटले तर कारण विचारा. छायाचित्रांचे काम तिला किंवा नातीला द्या. दूरध्वनी क्रमांकावरून पिशवीचे वय काढणे हा शाळकरी मुलीसाठी फार चांगला खेळ आहे. आणि 'दोन फोलिओ, पलंगाखाली, त्यापलीकडे एक पिशवी नाही' हा शब्द तुम्ही आपणहून द्या. तो तिने मागण्याआधी मिळाला, तर घरातले बोलणे पुष्कळ सोपे होईल.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा निर्णय वेगळा करावा लागेल. त्यांतल्या काही पातळ पिशव्या हात लावताच चुरा होत असतील, तर काही चिकट झालेल्या असतील. कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्या, ज्यांना व्यापारी डी-कट किंवा लूप हँडल अशा नावांनी ओळखतात, त्या प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीनच्या म्हणजे प्लॅस्टिकच्याच असतात आणि काही वर्षांनी त्यांचे पापुद्रे गळू लागतात. राज्याच्या २०१८ च्या बंदीत त्यांचाही समावेश होता. त्या टिकवण्याचा हट्ट धरू नका. फोटो घ्या, छपाई फारच वेगळी असेल अशा चार-दोन स्वतंत्र पाकिटात ठेवा, आणि बाकीच्या सुक्या कचऱ्यात द्या. तुटक्या पिशव्या कापडी पिशव्यांच्या सोबत ठेवल्या तर त्यांचा चुरा कापडाच्या विणीत बसतो.

नव्या पिशव्या घेण्याला मी बंदी घालणार नाही, पण कापडी पिशवी म्हणजे निसर्गाला निरुपद्रवी, हा समज तपासून घ्या. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, केवळ हवामानावरचा परिणाम पाहिला तरी साध्या सुती पिशवीने दुकानातल्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करायला तिचा किमान ५२ वेळा वापर व्हायला हवा, आणि सगळे परिणाम एकत्र धरले तर सुमारे ७,१०० वेळा. म्हणजे न वापरता ठेवलेली सुती पिशवी ही एक प्रकारची चैन आहे. ती करावी, परंतु मोजून. एखादी पिशवी आवडली तर दुकानदाराला सरळ सांगा की तुम्ही त्या जमवता. तिच्यावरचे चित्र कुणी काढले हेही विचारा, आणि उत्तर मिळाले तर ते वहीत लिहा, कारण त्या नावाची किंमत पिशवीपेक्षा जास्त आहे. नवी आली की फोलिओतली एक बाहेर काढायची, एवढा नियम पुरे.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात : पैशाच्या आशेने हा संग्रह विकायला काढू नका. विकायला गेलात तर निवडीचा सगळा विचार पिशवीवरून भावावर जाईल, आणि हाती येणारी रक्कम त्या श्रमाला पुरणार नाही. संस्थेला देण्याचा विचार मात्र जरूर करा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण आपल्यापुढे आहे. चष्म्यांच्या व्यवसायात असलेल्या आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, फण्या, कुलुपे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. पिशव्यांच्या बाबतीत मुंबईतील सर जे. जे. उपयोजित कला संस्था किंवा पवईच्या आयआयटीतले डिझाइनचे केंद्र अशा ठिकाणी विचारणा करता येईल. ट्रंक घेऊन जाऊ नका. आधी दहा निवडक पिशव्यांची छायाचित्रे, वहीतली त्यांची नोंद आणि एकूण संग्रहाचे एका पानाचे वर्णन पाठवा. नोंद असलेला संग्रह कुणी स्वीकारण्याची शक्यता नोंद नसलेल्यापेक्षा नेहमीच अधिक असते, आणि नकार आला तरी ती वही तुमच्याकडे राहते.

उरलेल्या धडधाकट कापडी पिशव्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांना सामान बांधायला द्या, पुनर्विकासाच्या धावपळीत त्यांना त्या लागणारच आहेत. साध्या कागदाच्या पिशव्या रद्दीत जातील. वरून चकचकीत पापुद्रा चढवलेल्या कागदी पिशव्या रद्दीवाला बहुधा घेणार नाही, त्या सुक्या कचऱ्यातच द्याव्या लागतील. रिकाम्या झालेल्या दोन ट्रंकांचे काय करायचे, हे सुनेला ठरवू द्या.